सामानाचे वजन आणि प्रवाशाचे बळ

ज्या काळी होल्डॉल, पत्र्याची ट्रंक आणि फिरकीचा तांब्या यांखेरीज मराठी कुटुंब आगगाडीत पाऊल ठेवीत नसे, त्या काळी सामान किती घ्यावयाचे याचा विचार घरातच होत असे, कारण ते हमालाच्या डोक्यावरून अथवा स्वतःच्या खांद्यावरून जावयाचे आहे याची जाणीव प्रत्येकास असे. पुढे बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थांनी १९७२ साली चाकांच्या सुटकेसचे पेटंट मिळविले आणि रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकांनी १९८७ च्या सुमारास ती उभी करून तिला लांब दांडा जोडला. या सुधारणांनी प्रवाशांवर मोठेच उपकार केले, परंतु त्यांच्यामुळे वजनाचा विचार मनातून पार निघून गेला. चाके गुळगुळीत फरशीवर चालतात. रेल्वेचा पादचारी पूल आणि एसटीची उंच पायरी येथे त्यांचा काडीमात्र उपयोग नसतो.

म्हणून रंग, रूप आणि सवलत पाहण्यापूर्वी बॅग रिकामी असताना किती वजनाची आहे, हे दुकानदारास अगत्याने विचारावे. अमेरिकेस जाणाऱ्या विमानांत इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशास सामान्यतः २३ किलोपर्यंतचा नग नेता येतो. बॅगच ५ किलोची असेल, तर त्या मुभेचा पाचवा हिस्सा नुसत्या कवचावर खर्ची पडतो. कठीण कवचांपैकी पॉलिकार्बोनेट दाब आल्यास लवते व पूर्ववत होते. एबीएस स्वस्त, पण आघाताने तडकण्याची भीती अधिक. आगगाडीच्या प्रवासास मला मात्र कापडी बॅगच पसंत आहे, कारण बाकाखाली ती दबून बसते आणि बाहेरच्या कप्प्यातील औषधासाठी सगळा पसारा मांडावा लागत नाही; पावसाळ्यात आतील कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवण्याची तजवीज केली की झाले. दांडा पूर्ण ओढून हलवून पाहावा आणि चेन कोपऱ्यावरून अडखळल्यावाचून फिरते की नाही, याची खातरजमा दुकानातच करावी.

रेल्वेने शयनयान वर्गास ४० किलो सामान विनाशुल्क नेण्याची परवानगी दिली आहे. पण तेवढे उचलण्याचे बळ किती जणांच्या अंगी असते? जो नग आपणास एकट्याने जिन्यावरून वर नेता येत नाही, तो आपला नव्हे, असे खुशाल समजावे.

भरताना जड जिन्नस चाकांच्या बाजूस ठेवावेत, म्हणजे बॅग उभी राहते. विमानाच्या प्रवासात दस्तऐवज, औषधे आणि पॉवर बँक जवळच्या पिशवीत असावीत. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून सुटी बॅटरी विमानाच्या पोटातल्या सामानात टाकण्यास मनाई आहे. आपल्याकडे प्रेमाने बांधून दिल्या जाणाऱ्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांनाही तेथे मज्जाव आहे, कारण त्यांतील तेलामुळे त्या ज्वालाग्राही ठरतात.

परदेशी मुलांकडे निघालेल्या वृद्ध आईवडिलांचे सामान पाहून मला खरोखर क्लेश होतात. पापड, मेतकूट, भाजणी भरता भरता काटा २३ किलोवर जाऊन टेकतो. आणि तेच ओझे सतरा-अठरा तासांच्या प्रवासानंतर, सुजलेल्या पायांवर उभे राहून, सरकत्या पट्ट्यावरून त्यांनाच खाली उतरवावे लागते. मुलांनी मागणीची यादी पाठविताना एवढे ध्यानी घ्यावे, आणि दोन नगांची मुभा असली तरी प्रत्येकी पंधरा किलोंच्या वर काही भरू नका, असे आईवडिलांस आधीच बजावून ठेवावे.