लिव्हर बर्फात ठेवायचं की मशीनवर?

ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. पोलीस रस्ता मोकळा करतात आणि अवयव घेऊन ॲम्ब्युलन्स सुसाट जाते. पण एवढी घाई नेमकी कशाची? आज तेच बघू. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे सिस्टिम कशी चालते, तेवढंच सांगतो.

लिव्हरचा रक्तपुरवठा तुटला की ऑक्सिजन बंद. मग पेशींमधली ऊर्जा, म्हणजे एटीपी, संपायला लागते. पेशीतून सोडियम बाहेर फेकणारे पंप याच ऊर्जेवर चालतात. ते थांबले की सोडियम आत साचतो, त्याच्यामागे पाणी शिरतं आणि पेशी फुगते.

यावर जुना उपाय म्हणजे थंडावा. तापमान १० अंशांनी उतरलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्मा होतो. म्हणजे ३७ वरून ४ अंशांवर आणलं की खर्च जवळपास एक दशांश! म्हणून लिव्हर थंड द्रावणाने धुतात, पिशवीत ठेवतात आणि पिशवी बर्फाच्या पेटीत. मग सरळ गोठवूनच का टाकत नाहीत? कारण पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात.

खरी कमाल त्या द्रावणाची आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदार्ड यांनी ते तयार केलं. त्यातले लॅक्टोबायोनेट, रॅफिनोजसारखे मोठे रेणू पेशीत शिरत नाहीत, त्यामुळे पाणीही आत ओढलं जात नाही. आधी हातात ६ ते ८ तास असायचे, ते १२ च्या पुढे गेले. आजही जगभर हीच पद्धत सर्वात जास्त वापरतात. स्वस्त, सोपी, कुठेही नेता येते.

पण दोन अडचणी आहेत. एक, बर्फातलं लिव्हर चालेल की नाही, हे तपासता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन! दोन, उबदार रक्त परत सुरू झाल्यावर उपाशी पेशींमध्ये ऑक्सिजनचे घातक रेणू एकदम तयार होतात आणि नुकसान तिथे होतं. चरबी साठलेलं लिव्हर किंवा हृदय थांबल्यानंतर काढलेलं लिव्हर हे फारसं सोसत नाही. म्हणून अशी लिव्हर बऱ्याचदा नाकारली जातात.

इथे मशीन येतं. पहिला प्रकार गरम: ३७ अंशांवर रक्त, ऑक्सिजन, पोषण चालू ठेवायचं. लिव्हर बाहेरही काम करतं, पित्त बनवतं, रक्तातलं लॅक्टेट कमी करतं. डॉक्टर हे आकडे बघून ठरवतात. ऑक्सफर्डमध्ये बनलेलं असं मशीन २०१३ मध्ये लंडनला पहिल्यांदा वापरलं. २०१८ मध्ये युरोपातल्या २२० प्रत्यारोपणांचा अभ्यास आला: टाकून दिल्या जाणाऱ्या लिव्हरचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि तेही लिव्हर जास्त वेळ बाहेर राहून.

दुसरा प्रकार थंड: साधारण १० अंशांवर, शेवटचे एक-दोन तास ऑक्सिजन असलेलं द्रावण फिरवायचं. गरम रक्त येण्याआधी पेशी सावरते. हृदय थांबलेल्या दात्यांच्या लिव्हरवर नेदरलँड्सच्या पुढाकाराने १५६ रुग्णांची चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला. पित्तनलिका आकसण्याचा त्रास १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी झुरिकमध्ये एक लिव्हर ३ दिवस मशीनवर ठेवून रुग्णाला बसवलं गेलं.

आता आपल्याला याचं काय? किडनी गेली तर डायलिसिसवर वर्षं काढता येतात. लिव्हरसाठी तसा भरवशाचा आधार नाही. भारतात बहुतेक लिव्हर जिवंत दात्याकडून मिळतात, म्हणजे घरातलाच कुणीतरी धडधाकट माणूस ऑपरेशन टेबलवर जातो. मृत दात्याचं एक लिव्हर वाचलं, तर असं एक ऑपरेशन टळू शकतं.

मशीन महाग आहे, त्याला शिकलेली टीमही लागते. पण कुणी दिलंच नाही, तर मशीनवर ठेवणार काय? आणि आपल्याकडे शेवटी घरचेच संमती देतात. म्हणून आज जेवताना हा विषय काढा. आई-बाबा आधी दचकतील, पण तुमचं मत त्यांना माहीत असू द्या.

भेटू पुढच्या एपिसोडला!