रायफलच्या स्कोपमधलं रेटिकल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एअर रायफलसाठी किंवा पॉइंट टू-टू रायफलसाठी स्कोप घ्यायला गेलेला नवा नेमबाज आधी विचारतो, ‘किती एक्सचा आहे?’ म्हणजे त्याची शक्ती किती, लक्ष्य किती पट मोठं दिसतं. त्याआधी विचारायला हवं ते हे : माझ्या लक्ष्यावर, माझ्या रेंजवरच्या उजेडात, माझ्या डोळ्यांना यातलं रेटिकल ठळक दिसतं का? रेटिकल म्हणजे नेम धरण्यासाठी स्कोपमध्ये दिसणाऱ्या रेघा, ठिपका किंवा वर्तुळ. तेच हरवलं तर काच कितीही महाग असली तरी उपयोगाची नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी काही पक्के बसलेले समज तपासून घ्यावेत.

गैरसमज १ : जास्त एक्स म्हणजे जास्त स्पष्ट रेटिकल.
वस्तुस्थिती : शक्ती वाढवली की प्रतिमा मोठी होते, पण मंदही होते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला शक्तीने भागलं, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ५० मिमी भिंगाचा स्कोप १० एक्सवर ५ मिमीचा झोत देतो, २५ एक्सवर फक्त २ मिमीचा. संध्याकाळी बाहुली रुंदावलेली असताना हा झोत तोकडा पडतो आणि काळी रेघ गडद लक्ष्यात मिसळून जाते. रेघ दिसेना झाली, तर शक्ती वाढवण्याऐवजी कमी करून पाहा.

गैरसमज २ : रेघ जितकी बारीक, तितका नेम अचूक.
वस्तुस्थिती : भरपूर उजेडात, पांढऱ्या कागदावर बारीक रेघ खरोखर फायद्याची, कारण ती लक्ष्य झाकत नाही. पण १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमी व्यासाचा असतो. त्या काळ्यावर बारीक काळी रेघ शोधण्यातच डोळा थकतो. यावरचा जुना, टिकलेला उपाय म्हणजे बाहेर जाड आणि मध्याजवळ बारीक होणाऱ्या रेघा. ल्यूपोल्ड कंपनीने १९६२ साली आणलेलं ‘डुप्लेक्स’ याच धर्तीचं. जर्मन ‘चार नंबर’ रेटिकलमध्येही तीन जाड पट्ट्या नजर मध्याकडे नेतात.

गैरसमज ३ : फर्स्ट फोकल प्लेनचा स्कोप सगळ्यांसाठीच उत्तम.
वस्तुस्थिती : यात शक्तीबरोबर रेटिकलही लहानमोठं होतं. त्यामुळे अंतर आणि वारा मोजण्याच्या खुणा प्रत्येक शक्तीवर खऱ्या ठरतात. मात्र ०.०३ मिल (मिल हे कोन मोजण्याचं एकक) जाडीची रेघ २५ एक्सवर डोळ्याला सुमारे २.६ मिनिट कोनाएवढी जाड दिसते, तर ५ एक्सवर जेमतेम अर्धा मिनिट. निरोगी डोळा साधारण एक मिनिट कोनाचा तपशील वेगळा ओळखतो, म्हणून कमी शक्तीवर ही रेघ पुसट होते. सेकंड फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये रेघ सगळ्या शक्तींवर सारखीच जाड दिसते. ठरावीक अंतरावर कागदावर नेम धरणाऱ्याला तोच सोयीचा.

गैरसमज ४ : रेटिकल उजळवणारा लाल दिवा जितका प्रखर, तितकं बरं.
वस्तुस्थिती : अंधुक उजेडात प्रखर ठिपका डोळे दिपवतो आणि लक्ष्यच झाकोळून टाकतो. ठिपका नुकता दिसू लागेल इतकाच उजेड ठेवावा. बॅटरी संपल्यावरही काळं रेटिकल स्वच्छ दिसेल, असाच स्कोप निवडावा.

गैरसमज ५ : रेटिकल अंधुक दिसलं, तर स्कोप खराब, नाहीतर बाजूची चकती फिरवायची.
वस्तुस्थिती : बाजूची चकती पॅरॅलॅक्ससाठी असते. ती लक्ष्याची प्रतिमा रेटिकलच्या प्रतलात आणते. रेटिकलची धार जुळते ती डोळ्याजवळच्या डायऑप्टरने. मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे स्कोप धरा (सूर्याकडे कधीच नको), क्षणभर पाहा, नजर हटवा, डायऑप्टर थोडं फिरवा, पुन्हा पाहा. टक लावून बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चूक लपते. चष्मा लावून नेमबाजी करत असाल, तर चष्म्यासहच जुळवा. चाळिशीनंतर हे अधिक काळजीने करावं लागतं.

गैरसमज ६ : ऑलिंपिकला जायचं तर भारी स्कोप हवाच.
वस्तुस्थिती : ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ते छिद्राच्या साइटमधून नेम धरून. पालकांनी खर्च करण्याआधी मूल कोणत्या प्रकारात उतरणार, हे प्रशिक्षकांना विचारावं.

निवडताना स्कोप रायफलवर चढवण्याआधी हातात घ्या आणि शक्य असेल तर दिवेलागणीच्या सुमारास गडद झाडावर रोखून पाहा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, दोन्ही शक्तींवर रेटिकल सापडतं का, ते बघा. स्कोप एअर रायफलसाठी हवा असेल, तर तो १० मीटरवर फोकस होतो याची खात्री करा. अनेक स्कोप १०० यार्डांना कायमचे जुळवलेले असतात.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका : रायफलवर चढलेला स्कोप दुर्बीण म्हणून वापरायचा नाही. जिकडे तुम्ही पाहाल तिकडे नळी रोखलेली असते. समोर काय आहे ते ओळखायला वेगळी दुर्बीण घ्या. लक्ष्य आणि त्यामागचं सगळं नक्की कळल्यावरच रायफल उचला.