हिरड्यांच्या विकाराची पुनरावृत्ती आणि उपचारोत्तर निगा

प्रस्तावना

'पायोरिया' या नावाने घरोघरी ओळखल्या जाणाऱ्या हिरड्यांच्या विकाराबाबत एक तक्रार नेहमी ऐकू येते. उपचार केले, पैसे खर्च झाले, काही महिने बरे वाटले आणि पुन्हा हिरड्यांतून रक्त येऊ लागले. अशा वेळी रुग्ण एक तर चिकित्सकाला दोष देतो किंवा दैवाला. दात आज ना उद्या जायचेच, ही समजूत त्यातून अधिक पक्की होते. वस्तुतः उपचार संपला असे रुग्णास ज्या टप्प्यावर वाटते, तेथूनच त्याचा दीर्घ व अधिक निर्णायक भाग सुरू होतो. तो भाग का टाळता येत नाही, हे समजण्यासाठी या विकाराचे स्वरूप आणि उपचाराने प्रत्यक्षात काय साध्य होते, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे.

विकाराचे स्वरूप

दातांवर जमणारा जीवाणूंचा चिकट थर हे हिरड्यांच्या दाहाचे कारण होय. ही गोष्ट आज उघड वाटत असली तरी तिचा प्रत्यक्ष पुरावा १९६५ मध्ये मिळाला. डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू होताच काही दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. हिरडीपुरता मर्यादित असलेला हा दाह पूर्णपणे बरा होतो.

काही व्यक्तींत मात्र दाह खोलवर उतरतो आणि दाताला धरून ठेवणारे तंतू व जबड्याचे हाड झिजू लागते. यास परिदंतदाह म्हणतात. ही प्रवृत्ती सर्वांत सारखी नसते. लो यांच्याच गटाने श्रीलंकेतील चहामळ्यांतील ४८० पुरुष मजुरांचा १९७० पासून १५ वर्षे अभ्यास केला. हे मजूर दातांची कोणतीही नियमित निगा राखत नव्हते व त्यांना दंतोपचारही उपलब्ध नव्हते. तरीही सुमारे ८ टक्के मजुरांत विकार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांत हिरडीदाहापलीकडे गेलाच नाही. थर सर्वांच्या दातांवर होता, परंतु त्यास प्रत्येक शरीराने दिलेला प्रतिसाद वेगळा होता. उपचाराने थर काढता येतो, हा प्रतिसाद बदलता येत नाही. त्यामुळेच २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार परिदंतदाहाचा रुग्ण उपचारानंतरही आयुष्यभर त्या विकाराचा रुग्णच मानला जातो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर आटोक्यात आली म्हणून त्याचा मधुमेह गेला असे कोणी म्हणत नाही, तसेच हे आहे.

उपचारानंतर काय घडते

निरोगी हिरडी आणि दात यांच्यातील फट साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. विकारात ती ५, ७, कधी १० मिलिमीटरपर्यंत वाढते. या खोल कप्प्यांतील थर आणि त्यावर खडे साठून झालेले कीटण काढून मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करणे, हा मुख्य उपचार आहे. कप्पे फार खोल असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर सूज उतरते, हिरडी आक्रसते आणि आतील नाजूक आवरण मुळाला चिकटते. हे चिकटणे मूळच्या तंतूंच्या पकडीइतके भक्कम नसते व गेलेले हाड बहुधा परत येत नाही. काही कप्पे अंशतः उरतात. जीभ, लाळ व इतर दातांवरील जीवाणू त्यांत पुन्हा वस्ती करू लागतात. घरची स्वच्छता ढिली असेल तर काही आठवड्यांतच उपचारापूर्वीची स्थिती परतू लागते.

केवळ शस्त्रक्रियेवर विसंबण्याचे काय होते, हे स्वीडनमधील निमान, लिंडे व रोसलिंग यांच्या १९७७ मधील अभ्यासाने दाखविले. २५ रुग्णांवर निरनिराळ्या पद्धतींनी शस्त्रक्रिया झाल्या, पण नंतर स्वच्छतेची कोणतीही शिस्तबद्ध व्यवस्था नव्हती. दोन वर्षांत पद्धत कोणतीही असो, दातांचा आधार आणखी घटला. याउलट अ‍ॅक्सेल्सन व लिंडे यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रगत विकाराच्या ९० रुग्णांवर उपचार केल्यानंतर दर तिसऱ्या रुग्णास त्याच्या नेहमीच्या दंतवैद्याकडे परत पाठविण्यात आले. उरलेल्यांना पहिली दोन वर्षे दर दोन महिन्यांनी व पुढील चार वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणी व सफाईसाठी बोलाविले गेले. सहा वर्षांनंतर बोलाविलेल्या रुग्णांचा आधार टिकून होता. परत पाठविलेल्यांत विकार पुन्हा उद्‌भवला होता. मूळ उपचार दोन्ही गटांत एकच होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

घरची निगा

उपचारानंतर सूज उतरल्याने दातांमध्ये फटी दिसू लागतात, मुळे थोडी उघडी पडतात आणि थंड पाणी झोंबते. पूर्वी कीटणाने जखडलेले दात किंचित हलल्यासारखेही वाटतात. 'सफाई केल्याने दात ढिले होतात' हा प्रवाद यातूनच जन्मला असून तो अनेकांना दवाखान्यापासून दूर ठेवतो. झीज आधीच झालेली असते, कीटण केवळ ती झाकत असते.

या फटी हेच विकाराच्या परतीचे मुख्य द्वार होत. साध्या ब्रशचे केस तेथे पोहोचत नाहीत. दोन दातांमधील जागेसाठी मिळणारा बारीक ब्रश, फटीच्या मापाचा निवडून, दिवसातून एकदा वापरणे हे उपचारित रुग्णासाठी दात घासण्याइतकेच महत्त्वाचे आहे. उघड्या मुळांना खोबणी असतात. ताणलेला दोरा त्यांवरून सरकतो, ब्रशचे केस मात्र आत शिरतात. दात घासताना मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत टेकवून हलक्या हाताने हलवावा. जोर लावल्याने स्वच्छता वाढत नाही, हिरडी मात्र आणखी खाली सरकते. राखुंडी व खरखरीत मंजने उघड्या मुळांना घासून काढतात, म्हणून ती वर्ज्य समजावीत. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या अल्पकाळ उपयोगी असल्या तरी त्यांनी दातांवर डाग पडतात आणि खोल कप्प्यांत त्या पोहोचतही नाहीत.

तंबाखू आणि मधुमेह

महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांत, भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय जुनी आहे आणि ती दातांची निगा म्हणूनच केली जाते. प्रत्यक्षात ती तंबाखूच होय. मिश्री लावलेल्या जागी हिरडी खाली सरकते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच. धूम्रपानाची हानी अधिक फसवी आहे. त्यामुळे हिरड्यांतील रक्तस्राव दबतो. रक्त येत नाही म्हणून रुग्ण निश्चिंत राहतो आणि हाड झिजत राहते. तंबाखू न सोडणाऱ्या रुग्णात उपचाराचे यशही कमी मिळते.

मधुमेह अनियंत्रित असल्यास हिरड्यांचा विकार बळावतो. उलट बाजूने, हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरल्याचे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. या रुग्णांच्या नियमित तपासणीत डोळे व पाय यांची चौकशी निदान होते तरी, हिरड्यांची क्वचितच होते.

फेरतपासणी व तिची शिस्त

युरोपीय परिदंतशास्त्र महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फेरतपासणीचे अंतर रुग्णागणिक ३ ते १२ महिने असावे. अंतर ठरविताना कप्प्यांची खोली, रक्तस्रावाचे प्रमाण, गमावलेले दात, वयाच्या मानाने झालेली हाडाची झीज, धूम्रपान व मधुमेह यांचा विचार होतो. तपासलेल्या जागांपैकी १० टक्क्यांहून कमी जागी रक्त येणे, ४ मिलिमीटरहून खोल कप्पा नसणे आणि ४ मिलिमीटरच्या जागीही रक्त न येणे, ही स्थैर्याची खूण मानली जाते. या फेरीत दात केवळ चमकविणे अपेक्षित नसते. प्रत्येक दाताभोवती मोजपट्टी फिरवून मागील नोंदीशी तुलना करणे हा तिचा गाभा होय. मोजणी न करता केलेली सफाई म्हणजे निम्मेच काम.

प्रश्न आहे तो रुग्णाच्या येण्याचा. हा विकार दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्यासाठी रजा काढून रांगेत बसणे कोणालाही जड जाते. आरोग्य विम्याच्या बहुतेक योजनांत अशा बाह्यरुग्ण दंतोपचारांचा समावेश नसल्याने खर्च खिशातून होतो. दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात तो बराच कमी असला तरी तेथे वेळ अधिक द्यावा लागतो. तथापि, हे केवळ आपल्याकडील परिस्थितीचे फळ नाही. अमेरिकेतील एका खासगी चिकित्सालयातील ९६१ रुग्णांचा आठ वर्षांचा आढावा विल्सन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडला. त्यांपैकी केवळ १६ टक्के रुग्ण सांगितलेल्या वेळी नियमाने आले आणि ३४ टक्के उपचारानंतर एकदाही फिरकले नाहीत. पुढे त्याच चिकित्सालयात नियमितपणा वाढविण्याचे जाणीवपूर्वक प्रयत्न झाले व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत पूर्ण नियमित रुग्णांचे प्रमाण ३२ टक्क्यांवर, म्हणजे दुपटीवर गेलेले आढळले. तेव्हाही तिघांपैकी दोघे नेमाने येत नव्हते.