‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ कुठे तोडायची?

शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेत डोळ्यांच्या दवाखान्याच्या पाटीवरचा ‘नेत्ररोगतज्ज्ञ’ हा शब्द आपण सहज वाचतो; ‘ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट’ म्हणताना मात्र जीभ अडखळते. वर्गात कोणी असे अडखळले की हशा पिकतो. तो अनाठायी आहे. अडचण जिभेची नसून शब्द कुठे तोडावा ही आहे.

प्रथम आपल्या गावांची नावे घेऊ. ‘शिरूर’ लिहिताना अक्षरे तीन, पण उच्चाराचे खंड दोनच: शि-रूर. ‘दौंड’ची अक्षरे दोन, तोंडातून मात्र ते एकाच खंडात बाहेर पडते. एका उच्चारित स्वराभोवती एक खंड, असा हा हिशेब. देवनागरीत जोडाक्षर पुढच्या स्वराला चिकटते: ऑ-फ्थॅ-ल्मॉ-लॉ-जी. तोंड मात्र ऑफ्-थॅल्-मॉ-लॉ-जी असे तोडते आणि इंग्रजीत जोर ‘मॉ’वर पडतो. अर्थाची फोड आणखी निराळी: ‘ऑफ्थॅल्मॉस’ म्हणजे डोळा आणि ‘लॉजी’ म्हणजे शास्त्र. जोराची जागाही पक्की नाही. हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने 1851 साली डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. त्या ‘ऑफ्थॅल्मोस्कोप’मध्ये जोर ‘थॅल्’वर येतो.

आता ‘फ्थ’ या जोडीकडे वळू. कोनांसाठी आपण वापरतो ती फाय आणि थीटा ही ग्रीक अक्षरे येथे शेजारी बसली आहेत. तळहात तोंडासमोर धरून ‘पळ’ व ‘फळ’, ‘ताट’ व ‘थाट’ म्हणून पाहा. ‘फ’ आणि ‘थ’ला हवेचा झोत हाताला जाणवेल. हे महाप्राण. प्राचीन ग्रीकमध्ये ही दोन अक्षरे अशीच महाप्राण होती, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. स्वात खोऱ्यात सापडलेल्या एका खरोष्ठी लेखात ‘थिओडोरोस’ हे ग्रीक नाव ‘थेउदोर’ असे ‘थ’ने लिहिले आहे. पुढे ग्रीकमध्येच हे ध्वनी घर्षक बनले. इंग्रजी ‘थिंक’मधला पहिला ध्वनी श्वास पुरेल तोवर लांबवता येतो, आपला ‘थ’ लांबवून पाहा, जमणार नाही. म्हणजे या शब्दापुरता मराठी मुलाचा ‘थ’ इंग्रजांच्या उच्चारापेक्षा मूळ ग्रीकला जवळचा!

इंग्रजी शब्दकोश ‘ऑफ्’ आणि ‘ऑप्’ असे दोन्ही उच्चार देतात. स्पेलिंगमध्ये मात्र ही सवलत नाही. तेथे ‘पी’नंतरचा ‘एच’ लिहावाच लागतो, आणि नेमका तोच गळतो.