खाडीचा गळा

होटगीच्या माणसाला समुद्राशी काय देणेघेणे, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्तच आहे. आम्हाला पाणी म्हणजे तलावाचे. ते वर्षातून एकदा चढते, तेही पावसाची मर्जी असली तर. पण मुंबईची गाडी धरणारा आमच्याकडचा प्रत्येक प्रवासी वाटेत एक सामुद्रधुनी ओलांडतो. कळवा मागे पडते, रुळांखाली पाणी दिसते, पूल खडखडतो आणि ठाणे येते. तेवढ्यात आपण मुख्य भूमी सोडून साष्टी बेटावर आलेलो असतो. सामान आवरण्याच्या घाईत ते ध्यानात येत नाही, इतकेच.

या पाण्याला आपण ठाण्याची खाडी म्हणतो. एरवी खाडी म्हणजे जमिनीत शिरलेले समुद्राचे एकतोंडी पाणी. हिला दोन तोंडे आहेत. दक्षिणेला ती मुंबई बंदरात उघडते. उत्तरेला चिंचोळ्या फाट्याने उल्हास नदीला मिळते आणि तिथून वसईच्या खाडीवाटे पुन्हा समुद्र गाठते. या वेढ्यामुळेच साष्टी हे बेट ठरते. घारापुरीच्या बाजूला कित्येक किलोमीटर रुंद असलेले हे पाणी ठाण्यापाशी एखाद्या नदीएवढे उरते.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. या चढउतारावर पिढ्या जगल्या. कोळ्यांनी त्याच्या वेळा पाहून जाळी लावली. आगरांत भरतीचे पाणी घेऊन, ते उन्हात आटवून मीठ पिकवले. शिडाची गलबते भरतीबरोबर वर आली, ओहोटीबरोबर खाली गेली.

ज्याच्या हाती खाडीचा गळा, त्याच्या हाती साष्टी, हे राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. म्हणून पोर्तुगीजांनी ठाण्यात किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच १७३७ साली मराठे खाडी पार करून आले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला. आज त्या जागी तुरुंग आहे.

आमच्या होटगीचे जंक्शनपणही या पाण्याला बांधलेले आहे. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच थांबली, कारण पुढे खाडी होती. १८५४ साली पूल झाला आणि गाडी कल्याणला पोचली. १८६३ साली बोरघाट फुटला. १८७१ पर्यंत सोलापूरच्या पुढे रायचूरकडची वाट खुली झाली. पुढे होटगीहून विजापूर-गदगचा फाटा निघाला. खाडीवरचा तो पूल ही या साऱ्या मार्गाची पहिली पायरी होती.

त्यानंतर खाली रुंद भागातही पूल होत गेले. वाशीचा पहिला १९७३ चा, दुसरा १९९७ चा. २०२४ साली तर खाडीच्या मुखाशी अटल सेतू उभा राहिला. दरम्यान काठी ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आले, शहरांचे सांडपाणी आले, भराव आले. उजनीच्या पाण्यावर आपण पाहतो तेच रोहित पक्षी इथेही हजारोंनी उतरतात. त्यांच्यासाठी २०१५ साली अभयारण्य झाले आणि २०२२ साली खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. चांगलेच झाले.

पण अभयारण्य आहे ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या रुंद पाण्यावर. खाडीचे पोट जपले, गळ्याचे काय? ठाण्याच्या या अरुंद भागात दोन्ही तोंडांकडून भरती येते. दोन प्रवाह समोरासमोर आले की वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. त्यात कडेने भराव पडला, तिवरे तुटली, की पात्र आणखी आवळते. हा फाटा बुजला तर दोन तोंडांची सामुद्रधुनी एकतोंडी होईल आणि शहरांची घाण वाहून नेण्याची तिची ताकद तेवढी घटेल.

आमच्याकडे उन्हाळ्यात तलाव आटला की ट्रॅक्टर लावून गाळ काढता येतो. खाडी आटत नाही. तिचा गाळ मुख्यतः तिच्या ओहोटीनेच न्यायचा असतो आणि ओहोटीला त्यासाठी रुंदी लागते. म्हणून या गळ्याची हद्द आखून तिच्यात एक टोपलीही माती पडू न देणे, ही मागणी ठाणेकरांइतकीच त्या पुलावरून जाणाऱ्या आम्हा सर्वांचीही असायला हवी.