पीक विमा

अवर्षण, अतिवृष्टी, कीड, रोग इत्यादींमुळे पिकाच्या उत्पादनात येणाऱ्या तुटीची भरपाई देणारा विमा. भारतात १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ कापसासाठी तो सुरू झाला. परंतु प्रत्येक शेताची पाहणी खर्चिक ठरली. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी क्षेत्राधारित पद्धती सुचविली व १९७९ पासून ती प्रायोगिक रीत्या अंमलात आली. तीत पीककापणी प्रयोगांवरून क्षेत्राचे सरासरी उत्पादन काढतात. ते उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरल्यास त्या पिकाच्या सर्व विमेदारांना सारख्याच दराने भरपाई मिळते. मात्र सरासरी चांगली असता एखाद्याचेच शेत गारपिटीने गेले, तर त्याला काहीच मिळत नाही. हा दोष कमी करण्यासाठी २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तींसाठी वैयक्तिक भरपाईची तरतूद झाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला. २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली आणि स्थानिक आपत्तींची तरतूदही वगळण्यात आली. हवामानबदलामुळे शेजारच्या गावांतही पाऊस विषम पडू लागला आहे. म्हणून केवळ हप्ता घटविणे पुरेसे नाही. विमाक्षेत्र लहान करणे व पर्जन्यमापकांची संख्या वाढविणे, ही खरी सुधारणा होय.