चिमूटभर कोळसा, दहा गुंठे रान

नवे लुगडे पहिल्यांदा भिजवले की बादलीतले पाणी लालभडक होते. पहिलेच पाणी, जायचाच थोडा रंग, असे म्हणून ते मोरीत ओतले जाते. कापड रंगवणाऱ्या कारखान्यात या बादलीच्या टाक्या होतात. सुतावर न बसलेला रंग धुवणाबरोबर बाहेर पडतो, आणि रिअ‍ॅक्टिव्ह जातीच्या रंगांत हा वाया जाणारा वाटा बराच मोठा असतो. इचलकरंजीकरांना पंचगंगेचे दुखणे नवे नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या कासाडी नदीकाठी चक्क निळी कुत्री हिंडताना दिसली, तेव्हा त्यांची छायाचित्रे जगभर गेली.

जामखेडसारख्या कोरडवाहू तालुक्याला याचे काय, असे कुणी विचारील. याच तालुक्यातील चोंडीच्या अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकर वसवले, हे एक नाते. दुसरे अधिक रोकडे. येथे पाण्याचा दुष्काळ आणि उन्हाचा सुकाळ, आणि पुढे सांगतो त्या युक्तीला लागते ते ऊनच.

युक्तीचा पहिला भाग जुना आहे. नारळाची करवंटी कोंडलेल्या हवेत जाळून कोळसा करायचा आणि प्रखर उष्णतेत त्याला वाफ द्यायची. त्यात इतकी सूक्ष्म छिद्रे पडतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत भरतो. गावच्या हिशेबाने दहा गुंठे! रंगाचे रेणू या रानात येऊन बसतात आणि पाणी नितळ होते. पण रान कधीतरी भरतेच. मग तो कोळसा उकिरड्यावर, म्हणजे नदीतली घाण गायरानात. याला शुद्धीकरण म्हणणे धाडसाचे आहे.

दुसरा भाग 1972 सालचा. इकडे महाराष्ट्र दुष्काळी कामांवर खडी फोडत होता, तिकडे जपानमध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले. हा पदार्थ आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगातलाच. त्यावर अतिनील किरण पडले की इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. ते रंगाच्या रेणूचे तुकडे करतात. पुरेसा वेळ मिळाला तर पार कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्षारांपर्यंत. मात्र या मूलकांचे आयुष्य निमिषाचेही नाही. सावज अगदी दारात हवे. ते दारात आणून उभे करतो कोळसा. म्हणून कोळशाच्या दाण्यावर टायटॅनियमचा लेप द्यायचा: एकाने धरायचे, दुसऱ्याने जाळायचे. शिवाय नुसती भुकटी पाण्यातून गाळून काढणे जिकिरीचे. दाणा आपणहून तळाशी बसतो.

काचपात्रात हे सारे सुरेख दिसते. उघड्यावर मात्र उन्हातला अतिनील भाग शेकडा पाचाच्या आसपास भरतो, आणि गडद पाणी स्वतःच सावली धरते. लेप जाड झाला की छिद्रे बुजतात. छिद्रात खोल शिरलेल्या रंगापर्यंत ऊन पोचतच नाही. तेव्हा आधी नेहमीची प्रक्रिया, आणि उरलेल्या फिकट रंगापुरत्या उथळ पन्हळी, एवढीच या युक्तीची पायरी आहे असे मला वाटते.

शिवाय रंग गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. अ‍ॅझो रंगातला नत्राचा दुवा तुटला की रंग उडतो, पण मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन राहू शकतात, आणि त्यातली काही कर्करोगाला कारण होतात. रंगवताना टाकलेले मीठ तर जसेच्या तसे. उद्या कुणी नितळ पाण्याचा पेला पुढे केला तर त्याला विचारावे: यात सीओडी किती उरला, मीठ किती, आणि ढगाळ आषाढात तुमचे यंत्र काय करते?